थ्रीडी पाइप्स ब्राउझरमध्ये: जुना स्क्रीनसेव्हर पायरीपायरीने पुन्हा बांधूया

काळ्या पडद्यावर एक चकचकीत पाइप निघतो, काटकोनात वळतो, पुन्हा वळतो, मध्येच एखादा गोल सांधा टाकतो, कुठेतरी कोंडला जाऊन थांबतो आणि लगेच दुसऱ्या रंगाचा पाइप सुरू होतो. विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळात एमएस-सीआयटीच्या वर्गात, सायबर कॅफेत, नाहीतर एखाद्या ऑफिसच्या काउंटरपलीकडे हे दृश्य बहुतेकांनी पाहिलेलं आहे. तोच स्क्रीनसेव्हर जावास्क्रिप्ट आणि थ्री-जेएस ही थ्रीडी चित्रांची लायब्ररी वापरून ब्राउझरमध्ये कसा उभा करायचा, ते या लेखात पाहू.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन, अ‍ॅरे आणि क्लास लिहिता येत असतील तर तयारी पुरेशी आहे. थ्रीडीचा अनुभव नसला तरी अडत नाही. गणित बहुतेक शाळेतल्या भूमितीचंच लागतं, एका ठिकाणी फक्त क्रॉस प्रॉडक्ट येतो, म्हणजे दोन दिशांना काटकोनात असणारी तिसरी दिशा काढण्याचा गुणाकार.

एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. पाइप्सची नक्कल बहुतेक वेळा जास्त कामामुळे बिघडते. सावल्या, प्रतिबिंबं, धुकं, अलगद फिरणारा कॅमेरा हे सगळं थ्री-जेएस दोन-चार ओळींत देतं. ते टाकलं की चित्र सुंदर होतं, पण पाइप्स राहत नाही. त्यामुळे मोह आवरणं हाही या प्रकल्पाचा भागच समजा.

थोडा इतिहास, कामापुरता

हा स्क्रीनसेव्हर १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ सोबत आला. ओपनजीएल, म्हणजे प्रोग्रामला थ्रीडी चित्रं काढू देणारी सोय, त्याच आवृत्तीत विंडोजमध्ये दाखल झालं होतं, पण ते दाखवून देणारं विंडोजमध्ये काहीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी सांगितलेली हकीकत अशी: ओपनजीएलच्या टीमने आपापसात स्क्रीनसेव्हर लिहिण्याची स्पर्धा लावली आणि आलेल्या प्रवेशिका थेट विंडोजमध्येच गेल्या. एक्सपीपर्यंत पाइप्स टिकला, व्हिस्टासोबत तो आला नाही.

हे सांगायचं कारण असं की त्याचं रूप त्या काळच्या मर्यादांनी घडवलं आहे. साध्या मशीनवर थ्रीडीची सगळी आकडेमोड सीपीयूच करायचा. म्हणून प्रकाशाचा हिशोब त्रिकोणांच्या टोकांवर करायचा आणि मधला रंग टोकांच्या रंगांवरून भरून काढायचा, अशी रीत होती. तिला गुरो शेडिंग म्हणतात. सावल्या नाहीत, आरशासारखं प्रतिबिंब नाही, फक्त प्लास्टिकवर पडावा तसा एक पांढरट चमकता पट्टा. ब्राउझरमध्ये आज जे वेबजीएल चालतं तेही त्याच घराण्यातलं. ओपनजीएलची छोट्या उपकरणांसाठीची आवृत्ती म्हणजे ओपनजीएल ईएस, आणि तिच्यावर आधारलेलं वेबजीएल १.० हे २०११ मध्ये आलं. थ्री-जेएस ही वेबजीएलवरची लायब्ररी. मॅट्रिक्स आणि शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) हाताने लिहायची वेळ ती बहुतेकदा येऊ देत नाही.

पायरी १: आधी नियम कागदावर उतरवा

मूळ स्क्रीनसेव्हरची एखादी चित्रफीत लावा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. मग दिसलं ते वाक्यांत लिहा. साधारण हे हाती लागेल: पाइप फक्त सहा दिशांनी जातात, म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. तिरका कधीच नाही. दोन पाइप एकमेकांतून आरपार जात नाहीत. वळणावर कधी गुळगुळीत कोपरा असतो, कधी पाइपपेक्षा जाड गोळा. एका पाइपचा रंग शेवटपर्यंत एकच. एकदा काढलेलं काहीही हलत नाही. ठरावीक पाइप झाले की पडदा पुसला जातो आणि नव्याने सुरुवात होते.

यातलं "काढलेलं काहीही हलत नाही" हे वाक्य अधोरेखित करा. सगळा प्रोग्राम त्यामुळे सोपा होतो.

पायरी २: फोल्डर आणि सर्व्हर

एक फोल्डर, त्यात एक एचटीएमएल फाइल आणि एक जावास्क्रिप्ट फाइल. थ्री-जेएस मॉड्यूल म्हणून आणायची, त्यासाठी एचटीएमएलमध्ये इम्पोर्ट मॅप, म्हणजे मॉड्यूलचं नाव आणि त्याचा पत्ता यांची यादी, लिहायचा. आवृत्तीचा आकडा नक्की लिहा. "नेहमी नवीनतम" असं ठेवलं तर सहा महिन्यांनी रंग बदललेले दिसतील आणि कारण सापडणार नाही.

फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडलं तर मॉड्यूल लोड होत नाही. ब्राउझर सुरक्षेसाठी ते अडवतो आणि समोर नुसता कोरा पडदा येतो. पायथनसोबत येणारा छोटा एचटीटीपी सर्व्हर किंवा व्हीएस कोडमधला लाइव्ह सर्व्हर चालू करा आणि पान लोकलहोस्टवरून उघडा. नवशिक्यांचे बरेच "थ्री-जेएस चालत नाही" इथेच सुटतात.

पायरी ३: जाळी

अवकाशात ठिपक्यांच्या रांगोळीसारखी जाळी मांडा, फक्त ती तीन दिशांनी पसरलेली. शेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर १. पाइप ठिपक्यावरून ठिपक्यावर जातो आणि ज्यावरून गेला तो ठिपका कायमचा व्यापतो.

जाळी केवढी? मूळ पाइप्स ४:३ मॉनिटरसाठी होता, त्याला घनाकृती जाळी चालून जायची. आजचे पडदे १६:९ आहेत. घन ठेवला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. म्हणून एक्स अक्षावर उणे १८ ते १८, वाय आणि झेडवर उणे १० ते १० घ्या. म्हणजे ३७ × २१ × २१, एकूण १६,३१७ ठिपके.

व्यापलेल्या ठिपक्यांची नोंद ठेवायला एवढ्याच लांबीचा बाइटचा टाइप्ड अ‍ॅरे पुरतो. क्रमांक काढायचा असा: तिन्ही सहनिर्देशक शून्यापासून मोजायचे, मग एक्स + वाय × ३७ + झेड × ३७ × २१. "३,-५,७" अशा मजकुराच्या किल्ल्या करून सेटमध्ये टाकल्या तरी चालतं, पण प्रत्येक पावलाला नवी स्ट्रिंग तयार होते. अ‍ॅरे स्वच्छ आणि पुसायलाही सोपा, एका फिल कॉलमध्ये कोरा.

पायरी ४: पाइपची चाल

हा प्रकल्पाचा जीव. ग्राफिक्सला हात लावण्याआधी हा भाग नुसता कन्सोलवर चालवून बघा.

पाइपकडे तीन गोष्टी असतात: सध्याचा ठिपका, येण्याची दिशा आणि रंग. दर पावलाला त्याने करायचं ते असं:

१. सहाही शेजारी तपासा. जाळीबाहेरचे आणि व्यापलेले वगळा.
२. एकही उरला नाही तर पाइप संपला. टोकाला गोळा बसवा.
३. समोरचा शेजारी मोकळा असेल तर त्याला "व" इतकं वजन द्या, बाकी मोकळ्या शेजाऱ्यांना प्रत्येकी १.
४. वजनांच्या प्रमाणात चिठ्ठी टाकून एक दिशा निवडा.
५. तो शेजारी व्यापलेला म्हणून नोंदवा आणि पाइप तिथे न्या.

मागे फिरण्याची दिशा वेगळी वगळावी लागत नाही. ज्या ठिपक्यावरून पाइप आला तो आधीच व्यापलेला असतो.

"व" या एका आकड्यावर चित्राचा स्वभाव ठरतो. चार बाजू मोकळ्या धरल्या तर "व" १ असताना सरळ जाण्याची शक्यता पाचात एक, ४ असताना निम्मी, १२ असताना पाऊण. सरळ जाण्याची शक्यता निम्मी असेल तर दोन वळणांमधलं अंतर सरासरी २ ठिपके पडतं, पाऊण असेल तर ४, आणि दहात नऊ असेल तर १०. पाचात एक शक्यतेवर नूडल्सचा गुंता दिसतो. दहात नऊवर लांबच लांब दांडे दिसतात आणि ते जाळीच्या भिंतींना जाऊन धडकतात. मी सांगेन, सगळ्या पाइपांना एकच "व" देऊ नका. प्रत्येक पाइप जन्मताना ३ ते १२ मधला एखादा आकडा उचलू द्या. मग एखादा पाइप सरळमार्गी निघतो, दुसरा वळवळ्या, आणि एकाच दृश्यात दोघे शेजारी असले की नजर खिळते. एवढ्याशा बदलाने जो फरक पडतो तो कुठल्याही शेडरने पडत नाही.

नवा पाइप कुठून सुरू करायचा? कुठलाही मोकळा ठिपका चालतो, पण निदान दोन शेजारी मोकळे आहेत हे बघा. नाहीतर गर्दीच्या मध्यभागी जन्मून तिथेच संपणारे पाइप वाढतात आणि पडद्यावर सुटे गोळे तरंगताना दिसतात.

कन्सोलवरची चाचणी साधी ठेवा. हजार पाइप चालवा आणि दर पावलाला दोन गोष्टी तपासा: नवा ठिपका जुन्यापासून बरोबर १ अंतरावर आहे का, आणि तो आधी व्यापलेला नव्हता ना. जावास्क्रिप्टच्या मॅथ-रँडमला बीज देता येत नाही, म्हणून एखादा विचित्र पाइप दिसला तर तो पुन्हा आणता येत नाही. मलबेरी३२ नावाचं चार-पाच ओळींचं रँडम फंक्शन वापरा. बीज तेच दिलं की पाइपही तेच येतात. मग दोष शोधणं निम्म्याने सोपं होतं.

पायरी ५: आकार

बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सिलिंडर काढतात आणि वळणावर गोळा ठेवतात. गोळा पाइपपेक्षा जाड असेल तर ते दिसतंही ठीक. पण गुळगुळीत कोपरा हवा असेल तर घोळ होतो. सिलिंडर काढताना पुढच्या ठिपक्यावर वळण आहे की नाही हे अजून ठरलेलंच नसतं, त्यामुळे तो किती आखूड करायचा ते कळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे हिशोब अर्ध्या घराने सरकवणं. प्रत्येक ठिपक्याभोवती एक घर धरा. पाइप त्या घरात एका भिंतीच्या मध्यातून शिरतो आणि दुसऱ्या भिंतीच्या मध्यातून बाहेर पडतो. येण्याची दिशा माहीत आहे, जाण्याची नुकतीच ठरली, म्हणजे या घरातला तुकडा आता पूर्ण ठरला. तो काढायचा आणि पुढे जायचं. काढणं चालीच्या नेहमी अर्धं घर मागे राहतं, ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता तुकड्यांचे प्रकार मोजकेच उरतात.

सरळ तुकडा: लांबी १, त्रिज्या ०.२ चा सिलिंडर, टोकं उघडी ठेवलेला. थ्री-जेएसमधला सिलिंडर वाय अक्षावर उभा असतो. त्याला हव्या दिशेला वळवायला क्वाटर्नियनचं (फिरवणं साठवणाऱ्या चार आकड्यांचं) सेट-फ्रॉम-युनिट-व्हेक्टर्स वापरा. पहिला व्हेक्टर वाय अक्ष, दुसरा पाइपची दिशा. कोनांच्या भानगडीत पडायची गरजच नाही.

गोळ्याचा सांधा: अर्ध्या लांबीचे दोन सिलिंडर आणि मध्ये ०.३ त्रिज्येचा गोल. सिलिंडर वेगळा बनवू नका, तोच लांबीच्या दिशेने निम्मा करा.

कोपरा: इथे टोरसचा चतुर्थांश लागतो. टोरस म्हणजे मेदूवड्याचा आकार. थ्री-जेएसच्या टोरस जॉमेट्रीत पाचवा आकडा कंसाचा असतो, तिथे पाय (π) भागिले २ द्या. वाकण्याची त्रिज्या ०.३ आणि नळीची त्रिज्या ०.२ ठेवली तर कोपरा आवळ, मूळसारखा दिसतो. दोन्ही बाजूंना उरलेले ०.२ लांबीचे तुकडे सिलिंडरने भरायचे. वाकण्याची त्रिज्या ०.५ घेतली तर सिलिंडर लागतच नाहीत, कंसच भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचतो. पण मग पाइप रबरी नळीसारखे वाटू लागतात.

टोरस नेमका बसवणं हीच बहुतेकांची डोकेदुखी असते, म्हणून सूत्र सरळ देतो. येण्याची दिशा "अ", जाण्याची "ब", वाकण्याची त्रिज्या "त". टोरसचा मध्य ठेवायचा ठिपका − त × अ + त × ब या जागी. थ्री-जेएसचा टोरस एक्स-वाय प्रतलात असतो आणि त्याचा कंस एक्स अक्षापासून सुरू होऊन वायकडे जातो. म्हणून मॅट्रिक्सच्या मेक-बेसिसमध्ये पहिला अक्ष उणे ब, दुसरा अ, तिसरा अ आणि ब यांचा क्रॉस प्रॉडक्ट द्या. पडताळून बघा: कंस सुरू होतो तिथे स्पर्शरेषा अ दिशेला असते आणि संपतो तिथे ब दिशेला. सहा दिशांच्या चोवीस जोड्यांसाठी चोवीस अटी लिहिलेला कोड मी पाहिला आहे. त्याची काही गरज नाही.

पाइपच्या दोन्ही टोकांना गोळा बसवा. उघडं टोक दिसलं की नळीच्या आत पोकळ काळं दिसतं आणि भ्रम तुटतो.

पायरी ६: हजारो तुकडे, मोजके ड्रॉ कॉल

प्रत्येक तुकड्याला वेगळा मेश, म्हणजे दृश्यात ठेवलेली वेगळी वस्तू, केला तर दोनेकशे तुकड्यांपर्यंत सगळं आलबेल असतं. तीन-चार हजारांवर जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. ग्राफिक्स कार्डला त्रिकोणांचा त्रास नसतो, "हे काढ, आता हे काढ" अशा हजारो वेगळ्या हुकमांचा, म्हणजे ड्रॉ कॉलचा, असतो.

म्हणून एकच आकार एका हुकमात अनेक जागी काढणारा इन्स्टन्स्ड मेश वापरा. सिलिंडरसाठी एक, कोपऱ्यासाठी एक, गोळ्यासाठी एक. प्रत्येकाला सुरुवातीलाच कमाल संख्या सांगायची, समजा सिलिंडरला ८,००० आणि बाकीच्यांना ४,००० प्रत्येकी. काउंट शून्य ठेवायचा आणि तुकडा वाढला की सेट-मॅट्रिक्स-अ‍ॅटने जागा, सेट-कलर-अ‍ॅटने रंग देऊन काउंट एकने वाढवायचा. पडद्यावर काहीही असो, ड्रॉ कॉल तीनच.

तीन गोष्टी विसरू नका. बदल केल्यावर मॅट्रिक्स आणि रंग दोन्हींच्या नीड्स-अपडेटला ट्रू करा, नाहीतर नवे तुकडे दिसणारच नाहीत. मटेरियलचा मूळ रंग पांढरा ठेवा, कारण प्रत्येक तुकड्याचा रंग त्याच्याशी गुणला जातो. आणि पडद्याबाहेरच्या वस्तू वगळणारं फ्रस्टम-कल्ड बंद करा. थ्री-जेएस मेशभोवतीचा गोल एकदा मोजून ठेवतं, पाइप त्याबाहेर वाढले आणि तो जुना गोल पडद्याबाहेर गेला तर आख्खा मेश गायब होतो.

दुसरा एक मार्ग आहे आणि तो मला तत्त्वतः जास्त आवडतो. काढलेलं काही हलत नाही, मग दर फ्रेमला सगळं पुन्हा कशाला काढायचं? रेंडरर बनवताना प्रिझर्व्ह-ड्रॉइंग-बफर चालू करा, ऑटो-क्लिअर बंद करा, आणि दृश्यात दर वेळी फक्त नवा तुकडा ठेवा. जुनी चित्रं आणि त्यांची खोली बफरमध्ये तशीच राहतात, त्यामुळे नवा तुकडा जुन्याच्या मागे असेल तर मागेच झाकला जातो. पाइप दहा असोत की दहा हजार, खर्च तेवढाच. अडचण एकच: खिडकीचा आकार बदलला की कॅनव्हास कोरा होतो आणि परत काढायला हाताशी काही नसतं. मोबाइल आडवा-उभा करणाऱ्यांचा विचार केला तर इन्स्टन्सिंग बरं. फक्त स्वतःच्या डेस्कटॉपवर चालवणार असाल तर हा मार्ग जरूर करून बघा.

पायरी ७: प्रकाश आणि रंग

मटेरियल (पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल ते ठरवणारं) फाँगच घ्या. थ्री-जेएसचं स्टँडर्ड मटेरियल वास्तवाच्या जास्त जवळ आहे, आणि नेमकं म्हणूनच इथे नको. शायनिनेस ५० ते ८० च्या दरम्यान, स्पेक्युलर रंग फिकट राखाडी. एका दिशेने प्रकाश टाकणारा एक दिवा (डिरेक्शनल लाइट) डावीकडून वरून कॅमेऱ्याच्या बाजूने, आणि सगळीकडे सारखा पडणारा थोडा अ‍ॅम्बियंट. एवढंच.

जुने धडे वाचून दिव्याची तीव्रता १ ठेवलीत तर पाइप मळकट दिसतील. आवृत्ती १५५ पासून थ्री-जेएसने प्रकाशाची एककं बदलली. जुन्या १ ची जागा आता पाय, म्हणजे ३.१४ च्या आसपासचा आकडा घेतो. त्याआधी १५२ मध्ये रंगांचं व्यवस्थापनही बदललं होतं. आवृत्तीचा आकडा लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

रंग एचएसएलमध्ये निवडा: छटा कुठलीही, रंगाची तीव्रता (सॅच्युरेशन) ६० ते ९० टक्के, उजळपणा ४५ ते ५५. आधीच्या पाइपच्या छटेपासून निदान ४० अंश दूर राहा, म्हणजे पाठोपाठ दोन हिरवे येत नाहीत.

जुन्या मॉनिटरचा खडबडीतपणा हवा असेल तर अँटीअलायझिंग बंद करा, पिक्सेल रेशो ०.५ करा आणि कॅनव्हासला सीएसएसमधून पिक्सलेटेड करा. सिलिंडरच्या बाजू १२ वर आणल्या तर कडाही किंचित कोनदार दिसतात. मला स्वतःला हे रूप आवडतं, घरच्यांना ते बिघडल्यासारखं वाटतं. मोठ्या, बारीक पिक्सेलच्या पडद्यांसाठी उलट काळजी घ्या: पिक्सेल रेशो २ च्या वर जाऊ देऊ नका, डोळ्यांना फरक कळत नाही आणि पंखा मात्र सुरू होतो.

पायरी ८: कॅमेरा

पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा, दृश्याचा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) ४५ अंश, मध्यापासून अंतर २५. त्या अंतरावर मध्याच्या प्रतलात मध्यापासून वर आणि खाली प्रत्येकी सुमारे १०.४ एकक दिसतं, म्हणजे जाळीचा मध्य बरोबर मावतो. १६:९ पडद्यावर डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी सुमारे १८.४ एकक. जाळी ३७ रुंद का घेतली ते आता लक्षात येईल. कॅमेऱ्याच्या जवळचे पाइप पडद्याबाहेर कापले जातात आणि ते तसंच हवं. सगळं चौकटीत बसवलं तर खोलीत उभं असल्यासारखं वाटत नाही, शोकेसकडे बघतोय असं वाटतं.

दर नव्या दृश्याला कॅमेरा वाय अक्षाभोवती उणे २० ते २० अंशांत कुठेतरी ठेवा. दृश्य चालू असताना मात्र तो हलवू नका.

पायरी ९: घड्याळ

रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेमच्या, म्हणजे पडदा ताजा होताना ब्राउझर देतो त्या, प्रत्येक हाकेला एक पाऊल टाकलं तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक वेग आणि १४४ च्या गेमिंग मॉनिटरवर त्याच्या जवळपास अडीचपट. म्हणून गेलेला वेळ साठवत जा आणि ४० मिलिसेकंद साठले की एक पाऊल टाका. सेकंदाला २५ पावलं. दृश्यात साधारण २,००० घरं भरायची ठरवली, म्हणजे जाळीचा आठवा भाग, तर एक दृश्य ८० सेकंदांत पूर्ण होतं.

टॅब मागे गेला की ब्राउझर या हाका थांबवतो. परत आल्यावर साठलेला वेळ अर्ध्या तासाचा असू शकतो, आणि मग सगळे पाइप एका फटक्यात भरतात. साठलेल्या वेळेला २०० मिलिसेकंदांची मर्यादा घाला.

तुकडा हळूहळू लांब होताना दाखवायचा मोह होईल. मूळची लय तुकड्यातुकड्याने पुढे सरकण्याची आहे, तीच ठेवा.

पायरी १०: पुसणं

पडदा एकदम काळा करू नका. वर एक पारदर्शक टूडी कॅनव्हास ठेवा, त्याचे १६ पिक्सेलचे चौकोन पाडा आणि त्यांची यादी फिशर-येट्स पद्धतीने (पत्ते पिसतात तशी, क्रम उलटसुलट करून) पिसा. १९२० × १०८० वर ते १२० × ६८, म्हणजे ८,१६० चौकोन होतात. दोन सेकंदांत संपवायचे तर ६० च्या गतीला दर फ्रेमला ६८ चौकोन काळे करायचे. सगळं झाकलं गेलं की इन्स्टन्स्ड मेशचे काउंट शून्य करा, जाळीचा अ‍ॅरे कोरा करा, कॅमेरा फिरवा, वरचा कॅनव्हास साफ करा. वेगवेगळे मेश वापरले असतील तर इथेच जॉमेट्री आणि मटेरियलवर डिस्पोज बोलवावं लागतं. दृश्यातून काढून टाकलं म्हणून ग्राफिक्स कार्डची मेमरी आपोआप मोकळी होत नाही, आणि रात्रभर चालणाऱ्या स्क्रीनसेव्हरला ते महागात पडतं.

पायरी ११: किटली

मूळ पाइप्समध्ये क्वचित एखाद्या सांध्याच्या जागी चहाची किटली येते. ही संगणक-चित्रकलेतली प्रसिद्ध यूटा किटली, मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये यूटा विद्यापीठात बनवलेलं मॉडेल. थ्री-जेएसच्या अ‍ॅड-ऑनमध्ये टीपॉट जॉमेट्री तयार मिळते. गोळ्याच्या सांध्यांपैकी हजारात एकाला किटली द्या, आकार गोळ्याहून थोडा मोठा. शक्यता वाढवू नका. चाचणीसाठी मात्र ती तात्पुरती दोनात एक इतकी करा, नाहीतर किटली उलटी बसली आहे हे कळायलाच दिवस जातील.

पायरी १२: स्क्रीनसेव्हरसारखं वागवणं

फुलस्क्रीन आपणहून सुरू करता येत नाही, वापरणाऱ्याचा क्लिक किंवा किल्ली लागते. म्हणून पानावर एक साधं बटण ठेवा. फुलस्क्रीन झालं की सीएसएसने कर्सर लपवा. माउस हलला की बाहेर पडायचं, पण पहिल्या अर्ध्या सेकंदातली हालचाल दुर्लक्षित करा आणि काही पिक्सेलची सूट ठेवा. टेबलाला धक्का लागला तरी माउस हलतो.

पाइप्स चालू असतानाच पडदा झोपी जायचा, म्हणून वेक लॉक, म्हणजे पडदा जागा ठेवण्याची ब्राउझरची परवानगी, मागा. तो एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच मिळतो आणि टॅब लपला की सुटतो, त्यामुळे टॅब परत दिसू लागला की पुन्हा मागायचा. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हालचाल कमी करण्याची सोय निवडली आहे त्यांच्यासाठी मीडिया क्वेरी तपासा आणि तयार झालेलं एक स्थिर दृश्य दाखवा.

खिडकीचा आकार बदलला की कॅमेऱ्याचं प्रमाण बदला, प्रोजेक्शन मॅट्रिक्स अपडेट करा, रेंडररचा आणि वरच्या टूडी कॅनव्हासचा आकार बदला. चौकोनांची यादीही नव्याने बनवायला हवी, हे हमखास राहून जातं.

ठेवायला गिटहब पेजेस पुरेसं आहे, सगळ्या फाइल स्थिर आहेत. कल्पना आणि नियम तुम्ही नव्याने लिहिलेत, पण विंडोजचं बोधचिन्ह किंवा मूळ प्रोग्राममधली टेक्स्चर उचलून सोबत ठेवू नका. पुढचं काम हवं असेल तर एकाच वेळी तीन पाइप वाढवून बघा. जाळी एकच, चाली तीन. फक्त नवा ठिपका निवडताक्षणीच व्यापलेला म्हणून नोंदवला पाहिजे, पुढच्या फ्रेमपर्यंत थांबलात तर दोन पाइप त्याच जागी शिरतील.